वाचकांचे प्रश्न : चार्ल्स्टनची ‘मदर इमॅन्युएल’ मंडळी

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यातील चार्ल्स्टन या बंदराच्या शहरात ‘इमॅन्युएल आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ नावाची, ‘मदर इमॅन्युएल’ म्हणूनही ओळखली जाणारी, जुनी मंडळी (चर्चच्या सभासदांचा समुदाय) आहे. १७ जून २०१५च्या रात्री तेथे बायबल अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांची हत्या झाली आणि हे नाव जगभर पोहोचले. मागील अंकातील आमच्या टिपणाचा विषयही तोच प्रसंग होता. त्यावर आलेल्या पत्रांतून मात्र बहुतेक वाचकांनी त्या रात्रीच्या मागे असलेल्या दोनशे वर्षांविषयी विचारले आहे. त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मेथडिस्ट पंथ आधीच अस्तित्वात असताना कृष्णवर्णीयांनी निराळे चर्च का काढले? त्यांची शिकवण वेगळी होती काय? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

शिकवणीत फरक नव्हता आणि आजही नाही. तेच बायबल, बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे तेच दोन संस्कार, पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी घालून दिलेली तीच शिस्त. भांडण कारभाराचे होते : सभासदांना दीक्षा कोण देणार, वर्गणीचा हिशेब कोण ठेवणार, व्यासपीठावर कोण उभे राहणार आणि मेलेल्या माणसाला कोठे पुरणार. चार्ल्स्टनच्या मंडळीचा इतिहास वाचताना हे चार प्रश्न सतत डोळ्यांसमोर ठेवावेत, कारण तिच्या आयुष्यातील प्रत्येक मोठी कलाटणी त्यांपैकी एखाद्याशी जोडलेली आहे.

वेस्ली स्वतः तरुणपणी, १७३६ ते १७३७ या काळात, शेजारच्या जॉर्जिया वसाहतीत धर्मोपदेशक होते. चार्ल्स्टनला त्यांचे जाणे-येणे होते आणि त्यांचे पहिले गीतसंग्रहाचे पुस्तक १७३७ मध्ये तेथेच छापले गेले. गुलामगिरी त्यांनी जवळून पाहिली आणि पुढे १७७४ मध्ये तिच्याविरुद्ध जळजळीत पुस्तिका लिहिली. अमेरिकेतील मेथडिस्टांनी १७८४च्या नाताळात बाल्टिमोर येथे सभा भरवून आपले स्वतंत्र चर्च स्थापन केले, तेव्हा सभासदांनी आपले गुलाम ठरावीक मुदतीत मुक्त करावेत असा नियमही केला होता. दक्षिणेत त्यावर इतका गदारोळ झाला की अवघ्या सहा महिन्यांत तो स्थगित करावा लागला. १८०४ मध्ये तर चर्चच्या नियमपुस्तकाची दक्षिणेसाठी निराळी प्रत छापण्यात आली आणि तिच्यातून गुलामगिरीविषयीचे प्रकरणच गाळण्यात आले. एकाच चर्चची नियमपुस्तके दोन निघावीत, हा प्रकार त्या काळातील मेथडिस्ट नेतृत्वाची अवस्था पुरेशी सांगून जातो.

उत्तरेतही चित्र फार निराळे नव्हते. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या कृष्णवर्णीय सभासदांना विश्वस्तांनी ओढून उठवण्याचा प्रयत्न केला आणि सगळे एकत्र बाहेर पडले. त्यांच्यात रिचर्ड अ‍ॅलन होते. ते जन्माने गुलाम होते आणि स्वतःच्या कष्टाच्या पैशाने त्यांनी स्वतःला सोडवून घेतले होते. १७९४ मध्ये त्यांनी लोहाराच्या एका जुन्या दुकानाच्या इमारतीत बेथेल चर्च सुरू केले. त्या वास्तूवर गोऱ्या मेथडिस्टांचा ताबा चालणार की मंडळीचा, हा वाद पेन्सिल्वेनियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल मंडळीच्या बाजूने लागला. त्याच वर्षी, म्हणजे १८१६ मध्ये, निरनिराळ्या गावांतील अशा मंडळ्या एकत्र आल्या, आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले आणि अ‍ॅलन त्याचे पहिले बिशप, म्हणजे मंडळ्यांवर देखरेख करणारे प्रमुख धर्माधिकारी, झाले.

प्रश्न : चार्ल्स्टनच्या मंडळीत बहुसंख्य सभासद गुलाम होते असे आपण लिहिले आहे. ज्यांना स्वतःच्या वेळेवरही हक्क नव्हता, अशा हजारो लोकांनी संघटना चालवली तरी कशी? (दोन वाचक, मिरज व औरंगाबाद येथून)

याचे उत्तर मेथडिस्टांच्या एका साध्या व्यवस्थेत आहे. इंग्रजीत तिला ‘क्लास’ म्हणतात, आपण वर्ग म्हणू. तिचा उगम गमतीशीर आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि सुमारे बारा जणांमागे एकाने घरोघर जाऊन ती गोळा करावी, असे ठरले. पैसे गोळा करणाऱ्यांना साहजिकच घरातल्या गोष्टी कळू लागल्या : कोण आजारी आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, कोण पुन्हा दारूकडे वळला आहे. कर्जवसुलीची ही सोय आत्मिक देखरेखीचीही सोय ठरू शकते हे वेस्लींच्या लक्षात आले आणि वर्ग हा पंथाचा कणा बनला. दर आठवड्याला वर्ग भरे, वर्गप्रमुख प्रत्येकाची विचारपूस करी, वर्गणी घेई आणि तिची नोंद ठेवी. दर तीन महिन्यांनी वर्गप्रमुखांची सभा होई आणि तिच्यात हिशेब, नवे सभासद व तक्रारी यांचा निकाल लागे.

चार्ल्स्टनमध्ये हीच व्यवस्था आली. १८२०च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या सुमारे २५ हजार होती आणि तिच्यात निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. मेथडिस्ट सभासदांत तर त्यांचे प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट होते. गोरे उपदेशक मोजकेच असल्यामुळे कृष्णवर्णीयांचे वर्ग कृष्णवर्णीय वर्गप्रमुखांकडेच सोपवावे लागत. गोऱ्या माणसाविरुद्ध न्यायालयात साक्ष देण्याचाही ज्याला अधिकार नव्हता, असा माणूस येथे आठवड्याला दहा-बारा जणांचे ऐकून घेत होता, त्यांचे तंटे मिटवत होता, पैशाचा हिशेब ठेवत होता आणि त्रैमासिक सभेत मत मांडत होता. या शहरात त्याला हे करता येईल अशी दुसरी जागा नव्हती. मंडळीच्या पुढच्या इतिहासात पाळक (धर्मगुरू) बदलले, इमारती गेल्या, कायदे बदलले, तरी ती पुन्हा पुन्हा उभी राहिली, याचे श्रेय आमच्या मते कोणा एका थोर पुरुषापेक्षा या वर्गांना अधिक द्यायला हवे.

गोऱ्या मेथडिस्टांना ही मोकळीक फार काळ मानवली नाही. १८१५ मध्ये कृष्णवर्णीयांनी गोळा केलेल्या पैशाच्या विनियोगावर आक्षेप घेण्यात आला, वर्गण्यांचा हिशेब गोऱ्या उपदेशकांकडे देण्याचे फर्मान निघाले आणि त्यांची स्वतंत्र त्रैमासिक सभा बंद करण्यात आली. तेव्हा मॉरिस ब्राउन आणि हेन्री ड्रेटन यांनी फिलाडेल्फियाशी संधान बांधले. ब्राउन हे चार्ल्स्टनमधील स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेले, कृष्णवर्णीय. व्यवसायाने बूट बनवणारे. फिलाडेल्फियात दोघांनाही पाळकपदाची दीक्षा मिळाली.

उघड फूट पडली ती दफनभूमीवरून. चार्ल्स्टनच्या बेथेल मेथडिस्ट चर्चच्या (फिलाडेल्फियाचे बेथेल ते निराळे) गोऱ्या विश्वस्तांनी शवगाडी ठेवण्यासाठी गाडीखाना बांधायचे ठरवले आणि त्यासाठी जागा निवडली ती कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतली. विरोध झाला, पण विश्वस्तांनी तो मानला नाही. बाहेरच्या माणसाला ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांची मुले, बायका, आईबाप कधीही विकले जाऊ शकत होते, त्यांच्या दृष्टीने कुटुंबातील माणूस नक्की कोठे आहे हे सांगता येण्याजोगे ठिकाण एकच होते, आणि त्यावरच गाडीखाना उभा राहत होता. त्या काळच्या मेथडिस्ट नोंदींनुसार चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सभासदांनी बेथेल आणि शहरातील इतर मेथडिस्ट चर्चे सोडली. कृष्णवर्णीय बसत ते सज्जे एका फटक्यात रिकामे झाले. बाहेर पडलेल्यांनी १८१८च्या सुमारास शहराच्या सीमेलगत हॅम्पस्टेड भागात स्वतःचे चर्च उभारले आणि ते अ‍ॅलन यांच्या संघटनेत सामील झाले.

कायदा अर्थातच त्यांच्या बाजूने नव्हता. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी कृष्णवर्णीयांनी उपासनेसाठी वा शिक्षणासाठी एकत्र जमू नये, असा राज्याचा १८०० सालचा कायदा होता. १८१८च्या जूनमध्ये नगररक्षकांनी या चर्चवर धाड घालून १४० जणांना पकडले. मंडळीच्या प्रमुखांपुढे एक महिन्याची कैद किंवा राज्य सोडून जाणे असा पर्याय ठेवण्यात आला, तर आणखी आठ उपदेशकांना दहा फटके किंवा दहा डॉलर दंड सुनावण्यात आला. पुढल्या रविवारी उपासना बंद पडली नाही.

प्रश्न : डेन्मार्क व्हेसीचा उठाव याच चर्चमध्ये शिजला असे वाचनात आले. दुसरीकडे, असा काही कटच नव्हता असेही काही जण म्हणतात. खरे काय मानावे? (इतिहासाची एक विद्यार्थिनी, पुणे)

आधी निर्विवाद गोष्टी पाहू. व्हेसी हा जहाजाच्या एका कप्तानाचा गुलाम होता. १७९९ मध्ये त्याला शहराच्या सोडतीत १,५०० डॉलरचे बक्षीस लागले, त्यातून ६०० डॉलर मोजून त्याने स्वतःची मुक्तता विकत घेतली आणि तो सुतारकाम करू लागला. बायको व मुले मात्र त्याला सोडवता आली नाहीत. १८२० मध्ये तर राज्याने, विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय कोणत्याही गुलामाला मुक्त करता येणार नाही, असा कायदा करून तो मार्ग जवळपास बंदच केला. व्हेसी चार्ल्स्टनच्या याच आफ्रिकन चर्चमध्ये वर्गप्रमुख होता. खटल्यातील साक्षींनुसार तो आपल्याकडे जमणाऱ्यांना इस्राएल लोकांच्या मिसर देशातील गुलामगिरीची कथा सांगे, बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकातील यरीहो शहराच्या पाडावाचा आणि जखऱ्याच्या पुस्तकातील चौदाव्या अध्यायाचा दाखला देई.

१८२२च्या उन्हाळ्यात शहराच्या अधिकाऱ्यांना गुलामांकडूनच बातमी मिळाली की उठावाची तयारी झाली आहे. आधी १४ जुलै ही तारीख होती, ती अलीकडे आणून १६ जून केली आहे. अटकसत्र सुरू झाले. बंद दाराआड चाललेल्या न्यायासनापुढे १३१ जणांना उभे करण्यात आले आणि ३५ जणांना फाशी देण्यात आली. त्यांत व्हेसीसह सहा जण २ जुलैला आणि बावीस जण २६ जुलैला एकाच दिवशी फासावर गेले. अनेकांना राज्याबाहेर नेऊन विकण्यात आले. चर्चची इमारत पाडून टाकण्यात आली. ब्राउन यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध झाला नव्हता, तरीही त्यांना शहर सोडावे लागले. ते फिलाडेल्फियाला गेले आणि अ‍ॅलन यांच्या निधनानंतर त्यांनी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे दुसरे बिशप म्हणून धुरा वाहिली.

शंका घेणाऱ्यांचा मुद्दा असा की कटाचा जवळजवळ सगळा पुरावा याच गुप्त न्यायासनाच्या कागदपत्रांतून येतो. साक्षीदारांना मारहाणीची आणि फाशीची भीती होती. प्रत्यक्षात एकाही गोऱ्या माणसाला ओरखडा उठला नाही. ही शंका आजची नाही. राज्याचे तत्कालीन गव्हर्नर टॉमस बेनेट यांनी खटल्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन यांनी अफवांनी पेटलेल्या लोकक्षोभाचे दुष्परिणाम दाखवणारा लेख वृत्तपत्रात छापला होता, दोघेही चार्ल्स्टनचेच. २००१ मध्ये एका अमेरिकन इतिहासकाराने मूळ हस्तलिखिते तपासून, कट रचला गेला तो कृष्णवर्णीयांकडून नव्हे तर त्यांच्याविरुद्ध, असा निष्कर्ष मांडला आणि मोठा वाद झडला. बहुसंख्य अभ्यासक आजही काही ना काही योजना होती असे मानतात. तिचा आवाका किती, यावर मात्र मतभेद आहेत.

आमचे मत विचारल्यास, योजना असणे अधिक संभवनीय दिसते. परंतु आपल्या प्रश्नातील ‘चर्चमध्ये शिजला’ हे शब्द जसेच्या तसे स्वीकारता येत नाहीत. आरोपींत या मंडळीचे सभासद पुष्कळ होते हे खरे, पण हजारो सभासदांची मंडळी म्हणून कटात सामील होती असे खटलाही सिद्ध करू शकला नाही. अधिकाऱ्यांना धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची : वाचता येणारे वर्गप्रमुख, आठवड्याच्या बैठका, फिलाडेल्फियाशी चालणारा पत्रव्यवहार आणि गोऱ्यांच्या हाती नसलेली तिजोरी. इमारत पाडली गेली ती या व्यवस्थेसाठी.

प्रश्न : १८२२ ते १८६५ या काळात मंडळी होती की नव्हती? (एक वाचक, कोल्हापूर)

कागदावर नव्हती. सभासदांपैकी बरेच जण शहरातील गोऱ्या मेथडिस्ट चर्चांच्या सज्जांत परतले, काही प्रेस्बिटेरियन व इतर मंडळ्यांत गेले आणि काहींनी लपूनछपून एकत्र जमणे चालू ठेवले. १८३४ पासून तर निव्वळ कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांना उघडपणे काम करणे अशक्य झाले. त्याच वर्षीच्या कायद्याने गुलामांना लिहावाचायला शिकवणे गुन्हा ठरवले. शिकवणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय असेल तर पन्नास फटक्यांपर्यंत शिक्षा आणि पन्नास डॉलरपर्यंत दंड.

या कायद्याचा एक फटका पुढे मंडळीच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. १८११ मध्ये चार्ल्स्टनमध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय घरात जन्मलेले डॅनियल पेन नावाचे तरुण शिक्षक १८२९ पासून शहरात शाळा चालवत होते. कायदा लागू होताच १८३५ मध्ये ती बंद करावी लागली आणि पेन उत्तरेकडे निघून गेले. तेथे ते आफ्रिकन मेथडिस्ट चर्चमध्ये आले आणि १८५२ मध्ये बिशप झाले.

याच सुमारास गोऱ्या मेथडिस्टांनी दक्षिण कॅरोलिनाच्या मळ्यांवरील गुलामांसाठी १८२९ पासून खास मिशन चालवले. विल्यम केपर्स हे त्याचे प्रमुख. प्रश्नोत्तरे तोंडी घोकून घ्यायची आणि अक्षर मात्र दाखवायचे नाही, अशी तिथल्या धर्मशिक्षणाची रीत होती. पुढे १८४४ मध्ये जॉर्जियाचे बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे गुलाम आहेत या मुद्द्यावर सगळ्या मेथडिस्ट चर्चमध्येच फूट पडली आणि दक्षिणेकडील मंडळ्यांनी पुढच्या वर्षी आपला वेगळा संसार मांडला. ती फूट मिटायला १९३९ साल उजाडले. चार्ल्स्टनमधील सज्जात बसणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र १८४४ मध्ये काहीही बदलले नाही.

प्रश्न : आजची इमारत व्हेसीच्या काळातील आहे काय? गुलामगिरी संपल्यावर मंडळी पुन्हा कोणी उभी केली? (एक वास्तुविशारद, ठाणे)

नाही. ती इमारत १८२२ मध्येच गेली आणि आजचे चर्च निराळ्या जागी, कॅल्हून स्ट्रीटवर आहे.

अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६५च्या फेब्रुवारीत चार्ल्स्टन उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्याच्या ताब्यात आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बिशप पेन शहरात उतरले. त्यांना गाव सोडून बरोबर तीस वर्षे झाली होती. त्यांनी दक्षिण कॅरोलिनासाठी चर्चची प्रादेशिक परिषद स्थापन केली आणि जुनी मंडळी उघडपणे पुन्हा एकत्र आली. इमॅन्युएल हे नाव तेव्हाचे. सप्टेंबरमध्ये नव्या लाकडी चर्चची कोनशिला बसली. आराखडा रॉबर्ट व्हेसी यांचा होता. ते डेन्मार्क व्हेसी यांचे पुत्र. बांधकामावरील सगळे कारागीरही कृष्णवर्णीय होते.

पाळक म्हणून आलेले रिचर्ड केन हे विलक्षण गृहस्थ होते. त्यांनी मंडळी वाढवलीच, शिवाय वृत्तपत्र चालवले, १८६८च्या राज्यघटना परिषदेत भाग घेतला, राज्याच्या सिनेटवर निवडून आले आणि दोनदा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात बसले. भूमिहीन मुक्त गुलामांना जमीन मिळावी हा त्यांचा ध्यास होता. सरकारकडून ती मिळत नाही असे दिसल्यावर त्यांनी काही सहकाऱ्यांसह शहराबाहेर रेल्वेमार्गालगत जमीन घेतली आणि तिचे तुकडे पाडून लिंकनव्हिल हे गाव वसवले. इमॅन्युएलची सभासदसंख्या इतकी वाढली की शहरात दुसरी मंडळी काढावी लागली. तिला मॉरिस ब्राउन यांचे नाव दिले आहे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चार्ल्स्टनचे सगळे कृष्णवर्णीय मेथडिस्ट इमॅन्युएलकडे गेले नाहीत. पुष्कळ जण उत्तरेकडील मूळ मेथडिस्ट चर्चच्या छत्राखाली गेले. त्यांच्यापैकी सेंटेनरी मंडळीने १८६६ मध्ये वेंटवर्थ स्ट्रीटवरील बाप्टिस्टांचे देखणे चर्च २० हजार डॉलर सोन्यात मोजून विकत घेतले. बेथेलची अठराव्या शतकातील जुनी लाकडी वास्तू तिथल्या कृष्णवर्णीय सभासदांना मिळाली आणि १८८० मध्ये ती अख्खी उचलून रस्त्यापलीकडे नेण्यात आली. ‘ओल्ड बेथेल’ नावाने ती अजून उभी आहे. आपण वास्तुविशारद आहात म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इमॅन्युएलचे लाकडी चर्च ३१ ऑगस्ट १८८६च्या भूकंपात गेले. आजचे विटांचे, गॉथिक वळणाचे चर्च १८९१ मध्ये उभे राहिले. त्याचे वास्तुविशारद जॉन हेन्री डेव्हरो हे आयरिश स्थलांतरित होते. बाहेरचा पांढरा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यावरचा आहे, पण आतील वेदी, प्रभुभोजनाच्या वेळी गुडघे टेकण्याचा कठडा आणि बाके मूळची आहेत. उपासनागृह वरच्या मजल्यावर असून पायऱ्या चढून जावे लागते. तळमजल्यावर सभागृह आहे. बायबल अभ्यास तेथे होत असे. ज्या रस्त्यावर हे चर्च आहे तो गुलामगिरीचे उघड समर्थन करणाऱ्या सिनेटर जॉन कॅल्हून यांच्या नावाचा आहे, आणि चर्चपासून थोड्याच अंतरावरील चौकात, उंच स्तंभावर, २०२०च्या जूनपर्यंत त्यांचा पुतळाही होता.

प्रश्न : नागरी हक्कांच्या चळवळीत या चर्चचा वाटा नेमका काय होता? (एक कामगार कार्यकर्ता, सोलापूर)

कृष्णवर्णीयांचे नेते व शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचे १९०९ मध्ये आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६२ मध्ये येथे भाषण झाले. ही नावे सगळीकडे सांगितली जातात. आपल्याला अधिक जवळची वाटेल ती १९६९ची घटना. शहरातील दोन सरकारी रुग्णालयांतील कामगारांनी, ज्यांत बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या, मार्च महिन्यात संप पुकारला. परिचारिकांच्या मदतनीस, स्वयंपाकघरातील आणि सफाईतील कामगार असे हे लोक होते. त्यांची मजुरी ताशी १.३० डॉलर होती आणि संघटना बांधू पाहणाऱ्या बारा जणींना कामावरून काढून टाकण्यात आले होते. राज्याने नॅशनल गार्ड (राखीव सैन्यदल) बोलावला, संचारबंदी लावली, शेकडो लोकांना अटक झाली. किंग यांच्या हत्येला जेमतेम वर्ष झाले होते. त्यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग चार्ल्स्टनला आल्या, इमॅन्युएलमध्ये बोलल्या आणि मोर्चाच्या अग्रभागी चालल्या. संप शंभर दिवसांवर चालला. काढलेल्या कामगारांना परत घेतले गेले आणि मजुरी वाढली, पण संघटनेला अधिकृत मान्यता मिळाली नाही. म्हणून त्याला पूर्ण विजय म्हणता येत नाही, हे आपल्यासारख्या कार्यकर्त्याला वेगळे सांगायला नको.

प्रश्न : २०१५च्या हत्याकांडानंतर मंडळीने मारेकऱ्याला क्षमा केली हे वाचून थक्क झाले. हे कसे शक्य होते? (एक वाचक, अहमदनगर)

येथे थोडी काटेकोर भाषा वापरणे आवश्यक आहे. हत्येनंतर दोन दिवसांनी मारेकऱ्याला न्यायाधीशांपुढे उभे केले, तेव्हा मृतांच्या काही नातेवाइकांनी, आपण त्याला क्षमा करतो, असे त्याला ऐकू जाईल असे सांगितले. ते त्यांचे व्यक्तिगत बोलणे होते. मंडळीने तसा ठराव केला नव्हता आणि सगळ्याच कुटुंबांची तीच भावना होती असेही नाही. वृत्तवाहिन्यांनी मात्र तेवढेच क्षण वारंवार दाखवले आणि जणू सगळे प्रकरण तेथेच मिटले असा सूर लावला. यात मंडळीवर अन्याय झाला असे आम्हाला वाटते. क्षमा आणि न्याय यांपैकी एक स्वीकारला म्हणजे दुसरा सोडला, असे या लोकांनी कधीच मानले नाही.

त्या बुधवारी बायबल अभ्यासाला मार्कच्या शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दाखला घेतला होता. अनोळखी गोरा तरुण आला तेव्हा त्याला बसायला जागा आणि हातात अभ्यासाचा कागद देण्यात आला. तो जवळपास तासभर त्यांच्यात बसला होता. मृतांत पाळक क्लेमेंटा पिंकनी होते. ते राज्याच्या सिनेटचे सदस्यही होते, म्हणजे केन यांच्यापासून चालत आलेली पाळक आणि लोकप्रतिनिधी ही दुहेरी भूमिका दीडशे वर्षांनंतरही टिकून होती. रविवारी, २१ जूनला, चर्च उपासनेसाठी उघडले. २६ जूनला पिंकनी यांच्या अंत्यविधीत राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा बोलले आणि १० जुलैला राज्याच्या विधानभवनाच्या आवारातील, गुलामगिरीवादी दक्षिणेचा ध्वज उतरवण्यात आला. मारेकऱ्याला संघराज्य न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये देहदंड सुनावला. पार्श्वभूमी तपासणीतील चुकीमुळे त्याला पिस्तूल विकत घेता आले होते. त्याबद्दल कुटुंबांनी व वाचलेल्यांनी सरकारवर दावा लावला आणि २०२१ मध्ये केंद्रीय न्याय खात्याने ८ कोटी ८० लाख डॉलर देऊन तो मिटवला. क्षमेच्या बातम्या वाचणाऱ्यांनी हा खटलाही वाचावा.

प्रश्न : आता तरी हे सगळे मेथडिस्ट एक झाले आहेत काय? (एक पाळक, पत्ता दिलेला नाही)

आदरणीय पाळकसाहेब, संघटना म्हणून एक झालेले नाहीत. १९३९ मध्ये उत्तर आणि दक्षिण एकत्र आले खरे, पण त्या एकीकरणात कृष्णवर्णीयांच्या मंडळ्या एका निराळ्या, वर्णावर आधारलेल्या प्रशासकीय विभागात घालण्यात आल्या. १९६८ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च स्थापन होताना तो विभाग रद्द झाला. अ‍ॅलन यांचे चर्च, न्यूयॉर्कमध्ये निघालेले आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्च आणि १८७० मध्ये दक्षिणी चर्चमधून बाहेर पडलेले, आज ख्रिश्चन मेथडिस्ट एपिस्कोपल नावाने ओळखले जाणारे चर्च यांनी आपापले अस्तित्व राखले आहे. २०१२ मध्ये मात्र या चर्चांनी युनायटेड मेथडिस्टांबरोबर पूर्ण सहभागितेचा करार केला. त्यामुळे एकमेकांचा बाप्तिस्मा, प्रभुभोजन आणि पाळकांची दीक्षा सगळे मान्य करतात. इमॅन्युएलचा पाळक आजही आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचा बिशपच नेमतो.